देशीयतेच्या वेशीबाहेरची मनुष्याकृती

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे नाव मराठी समीक्षेत प्रायः दोन निमित्तांनी येते. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची नामावळी सांगताना ते रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत उच्चारले जाते. किंवा लिलावातील किमतींचे नवल करताना. 'बर्थ' (१९५५) या त्यांच्या चित्राला २००८ साली सुमारे २५ लाख डॉलर आणि २०१५ साली ४० लाखांहून अधिक डॉलर मिळाले, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्या चित्रातील मनुष्याकृती काय म्हणते, याविषयी मात्र मौन असते. हे मौन अनवधानाचे नाही. मराठी समीक्षेने प्रमाण मानलेल्या दोन परस्परविरोधी भूमिकांनी मिळून ते निर्माण केले आहे.

पहिली भूमिका रूपवादी आहे. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्राने संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर आधारलेली लय हा कलाकृतीचा गाभा ठरवला. चित्राचे माध्यम रंग आणि रेषा. चित्रविषय हा लौकिकाचा भाग, म्हणून सौंदर्यनिर्णयात गौण. या मांडणीने मराठी कलाविचाराला शिस्त लावली, हे तिचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिचा अतिरेक झाल्यावर केवलाकारी चित्र हे चित्रकलेचे प्रगत रूप आणि आकृतिप्रधान चित्र ही मागे राहिलेली अवस्था, असा अलिखित क्रम रूढ झाला.

या क्रमाची मर्यादा सूझांच्या 'मिस्टर सेबॅस्टियन' (१९५५) या एकाच चित्रावरून स्पष्ट होते. ख्रिस्ती परंपरेत संत सेबॅस्टियन बाणांनी विद्ध झालेला, विवस्त्र आणि बहुधा देखणा तरुण असतो. सूझांचा सेबॅस्टियन कोटातला शहरी गृहस्थ आहे आणि बाण त्याच्या चेहऱ्यात व मानेत रुतलेले आहेत. येथे कोट हा केवळ गडद रंगाचा पट्टा मानला की चित्र संपते. संतकथा आणि कोट यांच्यातील विसंगतीतच चित्राचा आशय आहे. हुतात्म्याचे पावित्र्य नाहीसे झाले आहे आणि वेदना मात्र उरली आहे. विषय 'लौकिक' म्हणून वगळणाऱ्या समीक्षेला ही वेदना दिसू शकत नाही, कारण ती पाहण्याची सोयच तिने स्वतःला ठेवलेली नाही.

दुसरी भूमिका देशीवादाची. 'टीकास्वयंवर' (१९९०) या ग्रंथाने मराठी समीक्षेला वसाहतिक अनुकरणाची लाज वाटायला शिकवले, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय. शिवाय परकीय घटकांच्या देशीकरणाचा विचार नेमाडे यांनीच मांडला आहे. त्यांच्या अनुयायांच्या हाती मात्र देशीयता ही विश्लेषणाची संकल्पना न राहता जकातनाक्याची पावती झाली. १९४९ साली लंडनला गेलेले, १९६७ पासून न्यूयॉर्कला राहिलेले, क्रूस आणि नग्नदेह रंगवणारे सूझा या नाक्यावर 'पाश्चात्त्य' म्हणून अडवले जातात.

येथे देशीवादाला त्याच्याच भूमीवर प्रश्न विचारला पाहिजे. सूझा १९२४ साली गोव्यातील साळगाव येथे जन्मले. त्यांच्या बालपणाची भूमी म्हणजे चर्चची वेदी, संतांच्या मूर्ती आणि रक्तबंबाळ ख्रिस्त यांची भूमी होय. हा क्रूस त्यांनी लंडनच्या संग्रहालयात पाहून उचललेला नाही. याच गोव्यात १६१६ साली राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइटाचा हा ग्रंथ मराठी वाङ्मयेतिहासाने अभिमानाने आपला मानला आहे, आणि ते योग्यच आहे. मग जन्माने इंग्रज असलेला कवी ओवीमुळे मराठी ठरतो आणि त्याच प्रदेशात जन्मलेल्या चित्रकाराचा ख्रिस्त परका ठरतो, हे कोणत्या न्यायाने? उत्तर उघड आहे. ही देशीयता भूमीची नाही. ती केवळ भाषेची आहे, आणि चित्राला ओवी नसते. भाषेवरून ठरवलेला निकष दृश्यकलेवर लादला की जे भाषेत सापडत नाही ते भूमीतही नाही, असा आभास निर्माण होतो.

या संदर्भात अजिंठ्याचा दाखला हमखास पुढे केला जातो. छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवरील या लेण्यांतील लालित्य म्हणजे भारतीय मनुष्याकृती, आणि सूझांची खरखरीत, दातांची, डोळे कपाळावर चढलेली माणसे म्हणजे तिचा विपर्यास. हा युक्तिवाद दोन कारणांनी टिकत नाही. एक, अजिंठ्याची ही निवडक प्रतिमा स्वतःच वसाहतिक मध्यस्थीतून घडली आहे. १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडलेली ही चित्रे आधी रॉबर्ट गिल यांनी आणि १८७२ नंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकरवी नकलून घेतली. ज्या जे. जे. स्कूलमधून १९४५ साली सूझांना काढून टाकण्यात आले, तीच ही संस्था. दोन, अजिंठा केवळ ललित नाही. पहिल्या लेण्यातील माराची विद्रूप सेना आणि सतराव्या लेण्यातील सिंहल अवदानातल्या नरभक्षक राक्षसिणी त्याच हातांनी रंगवल्या आहेत. बीभत्स हाही येथला रसच आहे. पद्मपाणी तेवढा देशी आणि मार परका, असे अजिंठा सांगत नाही. ते त्याचे दाखले देणारे सांगतात.

सूझांची ही कोंडी एकट्याची नाही. गयानात जन्मलेले ऑब्रे विल्यम्स व फ्रँक बोलिंग आणि जमैकात जन्मलेले शिल्पकार रोनाल्ड मूडी यांनाही लंडनमध्ये चित्रकार वा शिल्पकार म्हणून नव्हे, तर मूळ प्रदेशाचे नमुने म्हणून पाहिले गेले. १९८९ साली रशीद आराईन यांनी हेवर्ड गॅलरीत भरवलेल्या 'दि अदर स्टोरी' या प्रदर्शनात सूझांसह या साऱ्यांना एकत्र आणून ब्रिटिश आधुनिकतेच्या इतिहासातील ही गाळलेली जागा दाखवून दिली. तेथील समीक्षा विचारते, 'यात भारतीय काय?' येथील समीक्षाही तेच विचारते. साम्राज्याचे केंद्र आणि त्याच्याविरुद्ध उभा असलेला देशीवाद एकाच प्रश्नावर थांबतात, ही गोष्ट देशीवाद्यांना अस्वस्थ करणारी असली पाहिजे.

याचा अर्थ सूझांची चित्रे निर्दोष आहेत असा नव्हे. त्यांच्या स्त्रीदेहांत वासना आणि तिरस्कार यांची जी सरमिसळ आहे, तिची स्त्रीवादी समीक्षेने केलेली आणि करावयाची झाडाझडती अटळ आहे. बंडखोरीच्या नावाखाली तिच्यातून सुटका नाही. पण ही झाडाझडतीही तेव्हाच शक्य होते, जेव्हा चित्रातील देह हा देह मानला जातो. रूपवाद्याला तेथे स्त्री दिसत नाही, फक्त रेषा दिसते. देशीवाद्याला फक्त पाश्चात्त्य स्वैराचार दिसतो. दोघेही चित्रकाराला जाब विचारण्याचा अधिकार गमावून बसतात.

२००२ साली मुंबईत सूझांचा मृत्यू झाला. त्यांच्या चित्रांचे मोल ठरवण्याचे काम लिलावघरांनी आपल्या परीने पार पाडले आहे. मूल्य ठरवण्याचे काम समीक्षेचे होते. त्यासाठी विषयाला लौकिक म्हणून दूर सारण्याची सवय आणि भाषेलाच भूमी समजण्याची चूक, दोन्ही सोडाव्या लागतील. साळगावच्या चर्चमधला ख्रिस्त ज्या देशीयतेच्या वेशीत मावत नाही, त्या देशीयतेची वेस अरुंद आहे. ख्रिस्त परका आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही.