परिसर आणि आपण : मैदान, पदपथ आणि नकाशा

भाईंदर पश्चिमेत पहाटे दोन प्रकारची माणसे पायी निघतात. काही देवदर्शनासाठी बावन जिनालयाच्या दिशेने जातात, तर काही नेताजी सुभाषचंद्र बोस मैदानावर फेऱ्या मारण्यासाठी. पुष्कळ कुटुंबांत ही दोन्ही कामे एकच माणूस उरकतो आणि मग पेढीवर जातो. दहाच्या सुमारास दुकानांची शटर वर गेली की, पहाटे मोकळा असलेला तोच रस्ता चालण्याजोगा राहत नाही. शहराच्या नियोजनाचा प्रश्न सामान्य घराला प्रथम भेटतो तो असा, पायांखाली.

एके काळी मिठागरे, भातशेती आणि खाडीकाठची गावे एवढेच या भागाचे स्वरूप होते. १९८५ साली येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांच्या जवळ गेली आणि २०११ मध्ये तिने आठ लाखांचा आकडा ओलांडला. गोडवाड, मारवाड, गुजरात आणि कच्छ येथून आलेल्या व्यापारी कुटुंबांनी याच काळात येथे घरे घेतली, स्टीलच्या भांड्यांचे कारखाने उभे केले, दुकाने थाटली. माणसे वाढली, व्यापार वाढला. जमीन मात्र वाढली नाही. उत्तरेला खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि मध्ये मिठागरे व कांदळवने, अशी ही चौकट आहे.

व्यापाऱ्याला हिशेब लवकर कळतो, म्हणून हा हिशेब मांडून पाहावा. केंद्र शासनाच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेनुसार शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. आठ लाख वस्तीला कमीत कमी दराने ८० लाख चौरस मीटर, म्हणजे आठ चौरस किलोमीटर जागा लागते. महापालिकेचे सारे क्षेत्र सुमारे ७९ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातील मोठा भाग डोंगर, कांदळवन व मिठागरांनी व्यापलेला आहे. उरलेल्या भागात घरे, रस्ते, शाळा, बाजार आणि कारखाने बसवायचे आहेत. अशा शहरात एकेका मैदानाचे मोल किती, ते वेगळे सांगायला नको.

आता या मैदानाच्या भोवतालचे चित्र बदलत आहे. दहिसरहून येणाऱ्या मेट्रो मार्ग ९ चे अखेरचे स्थानक सुभाषचंद्र बोस मैदानापाशी आखलेले आहे. खाडीपलीकडील वसईला जाण्यास रस्त्याने तीसहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या रो-रो सेवेने वाहनासह थेट खाडी ओलांडण्याची सोय झाली. ग्राहक आणि माल दोन्हींची ये-जा वाढेल, दुकानांची भाडी चढतील, जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला वेग येईल. हा लाभ खराच आहे. परंतु जागेचे भाव चढतात तेव्हा सर्वांत आधी धोक्यात येते ती कोणाच्याच मालकीची न वाटणारी जागा. पदपथ, उद्यान आणि मैदान यांची गणना तिच्यातच होते.

याच मेट्रोची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कारशेड आधी राई, मुर्धे, मोर्वा या गावांच्या जमिनीवर योजिली होती. तेथील ग्रामस्थांनी विरोध केला आणि ती डोंगरी येथे नेण्याचे ठरले. तेथे हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला आणि त्याविरुद्धही नागरिक पुढे आले. शेतकऱ्याला त्याची जमीन हवी, प्रवाशाला मेट्रो हवी आणि झाडांना बोलता येत नाही. जयणेचा संस्कार मानणाऱ्या घरांना हा पेच परका वाटू नये. जागा ठरून गेल्यावर केलेला विरोध पुष्कळदा ओझे एका गावावरून दुसऱ्या गावावर टाकतो. विचार व्हायला हवा तो नकाशा तयार होत असताना.

नकाशा तयार होण्याची रीत कायद्याने ठरलेली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर कलम २८ प्रमाणे नियोजन समिती हरकतदारांना सुनावणी देते. मीरा-भाईंदरचा पूर्वीचा आराखडा १९९७ साली मंजूर झाला होता. सुधारित प्रारूप आराखडा २०२२ साली प्रसिद्ध झाला. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असला तरी कलम ३७ प्रमाणे सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते आणि दुकानात त्याच पानाची पुडी बांधली जाते.

कलम १२७ तर प्रत्येक व्यापारी कुटुंबाने समजून घ्यावे असे आहे. एखादी खासगी जमीन मैदानासाठी किंवा उद्यानासाठी आरक्षित असेल आणि आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती संपादित झाली नाही, तर जमीनमालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. पण महापालिकेने वेळेत निधी उभा केला नाही आणि नागरिकांनी विचारणा केली नाही, तर नकाशावरचे हिरवे मैदान कोणालाही न कळता पुसले जाते.

पुनर्विकासाच्या बैठकांत चर्चा होते ती वाढीव क्षेत्रफळाची आणि वाहनतळाची. एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर वा अधिक जागेच्या आखणीत दहा टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी मोकळे सोडावे लागते. हे क्षेत्र कागदावर कोठे दाखविले आहे आणि प्रत्यक्षात तेथे मुले खेळणार की गाड्या उभ्या राहणार, हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वीच विचारला पाहिजे. दुकान विकत घेतानाही नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला घ्यावा. रस्तारुंदीची रेषा गाळ्यातून जाते हे खरेदीखतानंतर कळले, तर आयुष्यभराची कमाई अडकते.

पदपथाविषयी मात्र बोट स्वतःकडेच वळवावे लागते. साधू-साध्वींचा विहार अनवाणी आणि पायी होतो. त्यांच्या सुरक्षेची काळजी समाज मनापासून वाहतो, पहाटे सोबतीला स्वयंसेवक जातात. तोच समाज दुकानाबाहेर दोन फूट माल मांडतो आणि चालणाऱ्याला गाड्यांच्या वाटेत ढकलतो. वृद्ध आई, शाळेतून परतणारी नात आणि विहार करणारे महाराजसाहेब यांना लागणारी वाट एकच आहे. ती मोकळी ठेवण्यासाठी कोणत्याही आराखड्याची मंजुरी लागत नाही.

मैदानाचेही तसेच. सभा, मेळे, महोत्सव यांसाठी मैदान ठरावीक दिवसांपुरते देण्याची सोय कायद्यात आहे. आपला सोहळा झाल्यावर खिळे, दोऱ्या आणि मांडवाचे खड्डे मागे न ठेवता मैदान दुसऱ्या दिवशी मुलांच्या हाती द्यावे, एवढी मर्यादा प्रत्येक संघाने व मंडळाने पाळली तर निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेला निम्मा प्रश्न कागदाचा आहे. प्रत्येक सोसायटीत हिशेब तपासणारा एक जाणता असतोच. आराखड्याच्या सूचनांवर लक्ष ठेवण्याचे काम त्याच्याकडे किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलीकडे द्यावे. हरकत लिहिताना सर्वेक्षण क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक आणि मागणी एवढे स्पष्ट असले की पुरते. पोच मात्र जपून ठेवावी. पेढीवरची वही वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या घरांना हे काम जड जाणार नाही. पुढच्या पिढीला दुकान आणि घर वारशाने मिळेलच. खेळायला मैदान मिळेल की नाही, ते या वहीत आज काय लिहिले जाते त्यावर ठरेल.