भरल्या घरातली उपासमार

मार्च २०२५मध्ये केरळात १८ वर्षांची एक मुलगी उपासमारीने गेली. घरात अन्न होते, माणसे होती. वजन वाढेल या धास्तीने तिने खाणे जवळपास सोडले होते आणि घरच्यांपासून ते लपवले होते. हाच अ‍ॅनोरेक्सिया. हा आजार डॉ. विल्यम गल यांनी लंडनमध्ये १८७३ सालीच मांडला; आपल्याकडे आजही त्याला जेवणाचे नखरे समजतात. अशा मुलीला भूक लागत नाही असे नाही. पोळीचा तुकडा मोडला की पोट मागते, मन दटावते. आरशात बरगड्या मोजता येतात, तरी तिला स्वतःचा जाडपणाच दिसतो. मग सैल कुडते येतात, डबा भरलेलाच परत येतो, पाळी थांबते. उपाशी शरीरात मेंदूही उपाशीच असतो. म्हणून नुसती समजूत घालून भागत नाही. मानसिक आजारांतील सर्वाधिक जीवघेण्या आजारांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे कौतुक आता बंद व्हायलाच हवे. पालकांनी रागावू नये. वजन, नाडी तपासून घ्यावी आणि विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.