चिठ्ठीवर भाकरीही लिहा

‘पोट साफ होत नाही’ म्हणणारा रुग्ण आपल्याकडे रोज येतो. घरचे चूर्ण त्याने आधीच घेऊन पाहिलेले असते आणि त्यात बहुधा सोनामुखी असते. आपण दुसरे रेचक लिहून देतो आणि तो उठत असताना त्याला सांगतो, ‘पालेभाज्या खा, रोज चाला.’ आक्षेप आहे तो या सांगण्याच्या पद्धतीला. गोळीची मात्रा, वेळ आणि मुदत आपण लिहितो. आहार आणि व्यायाम मात्र तोंडी उरकतो. चिठ्ठीवर नाही ते औषध नाही, असेच रुग्ण धरून चालतो.

तेव्हा आहाराचीही मात्रा लिहावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा अन्नातून जायला हवा. रुग्णाला ग्रॅम कळत नाहीत, भाकरी कळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा आहे, बाजरी-नाचणीत सुमारे ११, तर पांढऱ्या तांदळात ३ पेक्षाही कमी. ६० ग्रॅम पिठाची भाकरी धरली, तर दोन भाकऱ्यांत १२ ग्रॅम, म्हणजे जवळपास निम्मे काम झाले. उरलेले वाटीभर उसळ, भाजी आणि एखादा पेरू सहज भरून काढतात. यात ज्वारीचे स्तोम माजवण्याचे कारण नाही. चक्कीवरची न चाळलेली कणीकही तिच्या तोडीची आहे. मैद्यात मात्र ३ ग्रॅमही नाहीत. म्हणून ‘पोळी खाता का?’ यापेक्षा ‘कणीक कोणत्या चाळणीने चाळता?’ आणि ‘चहाबरोबर काय घेता?’ हे प्रश्न जास्त कामाचे. खारी, टोस्ट, बिस्किटे कुणी जेवणात मोजत नाही. ती विचारल्यावरच कळतात.

हा चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होते. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे ते मुख्य इंधन. व्यायामाचाही इथे संबंध येतो. इलिनॉय विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात बैठ्या माणसांनी सहा आठवडे व्यायाम केला, तेव्हा ब्युटिरेट वाढले, सडपातळ लोकांत अधिक. व्यायाम थांबताच ते पुन्हा उतरले. अभ्यास लहान होता, तरी चालण्याला मुदत घालू नये एवढे त्यावरून मला पटते. आठवड्याला १५० मिनिटांची शिफारस ‘जेवणानंतर १५ मिनिटे, दोन्ही वेळा’ अशी लिहिली तर पाळायला सोपी जाते, आणि बेरीज २०० च्या पुढे जाते.

स्टॅनफर्डचा २०२१चा अभ्यासही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांत जिवाणूंची विविधता वाढली. नुसता चोथा वाढवणाऱ्यांत एकंदरीत तशी वाढ दिसली नाही. आपल्याकडे दही, ताक, आंबील, इडली आहेतच, पण इडली वाफवल्यावर त्यातले जिवाणू जगत नाहीत, हेही रुग्णाला सांगावे. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलबाबत हात आखडताच ठेवावा. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली, चंचल आतड्याच्या विकारात त्या संशोधनाबाहेर वापरण्यास पाठिंबा दिलेला नाही.

चंचल आतड्याच्या रुग्णाला एकदम उसळी आणि कांदा वाढवून दिला तर पोट फुगते आणि तो आपला सल्लाच सोडतो. त्याला गव्हाच्या कोंड्यापेक्षा इसबगोल बरे. थोड्या मात्रेने सुरुवात करावी, भरपूर पाण्याबरोबर द्यावे आणि आठवड्या-आठवड्याने वाढवावे. न्याहारीनंतर आतड्याची हालचाल जोर धरते. घाईघाईने लोकल गाठणारा माणूस नेमकी तीच वेळ गमावतो. त्याला दहा मिनिटे आधी न्याहारी करायला सांगणे हाही उपचारच आहे.

पण आहाराची चिठ्ठी लिहिण्याआधी लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तपासाव्यात. थायरॉइडही विसरू नये. शौचातून रक्त, वजनात घट, पंडुरोग किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय असेल, तर भाकरी नंतर, आधी तपासणी. आणि तीन आठवड्यांनी रुग्ण परत आला की ‘चूर्ण बंद झाले का?’ याबरोबर ‘भाकऱ्या किती झाल्या?’ हेही विचारून केसपेपरवर नोंदवावे.