रिपोर्ट माझा, व्हायवा त्याची

आधी कबुली. गेली दोन वर्षं होस्टेलमधल्या काही जणांचे सेमिनार आणि प्रोजेक्ट रिपोर्ट मी लिहून दिले. पानाला दहा रुपये, घाई असेल तर पंधरा. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे इंग्रजी बरं, मराठी मात्र असंतसंच (चुका संपादकांनी सुधाराव्यात!). मेसचं बिल निघायचं. ही कॉपी आहे असं कधी वाटलंच नाही. उलट समाजसेवा वाटायची.

मागच्या सेमिस्टरला सिरोंच्याकडच्या मित्राची व्हायवा झाली. घरी तेलुगू, शाळा मराठी आणि इथे सगळं इंग्रजी. प्रोजेक्ट त्याचा स्वतःचा, शेतातल्या पंपावर. पंप विहिरीतल्या पाण्यापासून फार उंच बसवला की आत खडे वाजल्यासारखा आवाज येतो आणि पाणी कमी पडतं, हे त्याने मोजून ठेवलं होतं. रिपोर्टमध्ये मी त्याला नाव दिलं ‘कॅव्हिटेशन’ आणि पुस्तकातली दोन पानं जोडली. एक्स्टर्नलने विचारलं, ‘व्हॉट इज कॅव्हिटेशन?’ पोरगा गप्प. सरांना वाटलं, प्रोजेक्ट विकत आणलाय. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘खड्यांच्या आवाजाचं विचारलं असतं तर सांगितलं असतं ना बे.’

मी काय बोलणार? त्याला येत होतं तेच मी माझ्या इंग्रजीखाली गाडून टाकलं होतं.

पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणं इंग्लंडने 2022 मध्ये कायद्याने गुन्हा ठरवलं. आपल्याकडे यूजीसीचे 2018 चे वाङ्मयचौर्याचे नियम आहेत, पण असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट त्यातून चक्क वगळलेत. म्हणजे माझ्या दुकानाकडे कुणाचं लक्षच नव्हतं! चॅटजीपीटी तर हेच काम फुकटात करतं. तरी माझ्याकडे गिऱ्हाईक टिकून होतं. नुसत्या बंदीने काय होणार, सांगा.

आपल्या शेजारी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांनी बाळं तपासली, नोंदी ठेवल्या. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला, त्या गावांतले नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले होते. पेपर इंग्रजीत डॉक्टरांनी लिहिला, पण त्यामागे त्या बायकांनी दारोदार फिरून केलेलं काम होतं. आणि आपण? ऑब्झर्व्हेशन टेबल सिनियरच्या फाइलमधून, रीडिंग ‘सेट’ करून!

सरांना विनंती आहे. रिपोर्टच्या आधी कच्ची वही बघा, खाडाखोडीसकट. व्हायवात पहिला प्रश्न मराठीत विचारा, ‘तू नेमकं काय केलंस?’ 2021 मध्ये एआयसीटीईने मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, तर दोन प्रश्न मराठीत विचारायला काय हरकत आहे? फायली कमी केल्या तरी चालतील, पण दिलेली फाइल कुणीतरी वाचावी. न वाचता सही होते, हे आम्हाला फर्स्ट इयरलाच कळतं.

माझं दुकान बंद झालंय. इंग्रजीत अडलात तर रूमवर या, शेजारी बसून वाक्य दुरुस्त करू. फी एक चहा. लिहून मात्र देणार नाही. सिरोंचावाला काल येऊन गेला. पहिल्या वाक्यालाच पाऊण तास लागला.