दोन एक्स्ट्रा ठोके

परवा नांदेडला गेलो होतो. अण्णा जिना चढून थेट गच्चीवर आले, मधे न थांबता. तुम्ही म्हणाल त्यात काय विशेष? दोन वर्षांपूर्वी हाच माणूस चार पायऱ्यांवर टेकायचा.

सुरुवातीची तक्रार एवढीच, "छातीत मधेच ठोका चुकल्यासारखं होतंय." घरचं निदान तयारच होतं. गॅस! मग ईसीजी झाला. "दोन एक्स्ट्रा ठोके दिसतायत, सगळ्यांनाच असतात." सगळे खूश. पुण्यात बसून मी पण खूश.

वाक्य खोटं नव्हतं. बहुतेकांचे असे ठोके निरुपद्रवीच असतात. पण साधा ईसीजी म्हणजे साधारण १० सेकंदांची नोंद, आणि दिवसात सेकंद असतात ८६,४००. लॉगमधल्या दहा ओळी बघून मी "सिस्टीम ओके" म्हटलं तर मॅनेजर मला सोलून काढेल राव!

वर्षभराने इको केला. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही. "हार्ट वीक झालंय, वय झालं." शेवटी पुण्यात २४ तासांचा होल्टर लावला. लाखभर ठोक्यांत जवळपास २६ हजार एक्स्ट्रा!

हे ठोके खालच्या कप्प्यातून वेळेआधीच निघतात. तेव्हा कप्पा नीट भरलेला नसतो आणि त्याच्या भिंती एका तालात आकुंचन पावत नाहीत. रोज हजारो वेळा, वर्षानुवर्षं असं चाललं की काहींच्या हृदयाचा स्नायू दुबळा होतो. गंमत म्हणजे हा दुबळेपणा बऱ्याचदा परत फिरतो. ठोके आवरले की काही पेशंटचं हृदय सुधारतं, हे मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९८ सालीच दाखवलं. २०१० च्या मिशिगनच्या अभ्यासात २४ टक्क्यांच्या पुढे धोका ठळक दिसला. १० टक्क्यांच्या वर गेलं तरी लक्ष ठेवावं लागतं. अण्णांचं ॲब्लेशन झालं. सहा महिन्यांत पंपिंग ५५.

मग काय, दिसेल त्याला होल्टर लावायचा? अजिबात नाही. पण तक्रार परत परत येत असेल, किंवा ब्लॉकेज नसताना हृदय दुबळं निघालं असेल, तर "वय झालं" म्हणण्याआधी ठोके मोजा. नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, लातूरलाही आहे. दरवर्षी आपल्याकडची ढीगभर पोरं डॉक्टर होतात. मागास भाग वगैरे सबब मला सांगू नका.

आणि डॉक्टरांपेक्षा माझं भांडण माझ्याशीच जास्त आहे. मी लातूर पॅटर्नचा. बारावीत फिजिक्सला दोन मार्क कमी पडले, तर गुणपडताळणीचा अर्ज भरायला अण्णा नांदेडहून एसटीने लातूरला आले होते. दोन मार्कांसाठी! आणि त्यांच्या दोन ठोक्यांवर मी वर्षभर गप्प बसलो.

असो. पुढच्या वेळी घरून फोनवर "काही नाही रे, गॅस आहे" ऐकू आलं, तर एवढंच विचारा : मोजले का?