उडी कुठंय?

कोलोरॅडोत शिकणाऱ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. बर्फात कोरलेला हाफपाइप, म्हणजे उभी चिरलेली नळी. त्यात हा स्कीवर एका भिंतीवर जरासा चढतो, वळतो, उतरतो, मग समोरच्या भिंतीवर जरासा चढतो. संपलं. लगेच कुणीतरी विचारलं, 'उडी कुठंय?' मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. रात्री त्याचा फोन आला, "मामू, काढून टाकू का?"

"राहू दे, बेटा."

मला ही थट्टा नवी नाही. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये हंगेरीकडून उतरलेल्या एलिझाबेथ स्वेनीवर जग असंच हसलं होतं. मोठी कसरत न करता ती भिंतीवर चढली, वळली, उतरली. गुण मिळाले ३१.४० आणि नंबर शेवटचा. आधीच्या स्पर्धांत स्पर्धक मोजके असत, बाकीचे कसरती करताना पडत, ही उभ्याने खाली येई. ऑलिंपिकची जागा अशी मिळावी का, यावर वाद घाला. मलाही ते फारसं पटलेलं नाही. पण नवशिक्याने पहिल्या वर्षी नेमकं तेवढंच करायचं असतं.

ऑलिंपिकच्या पाइपची भिंत २२ फूट उंच असते आणि वर जाता जाता जवळजवळ सरळ उभी होते. सपाट तळातून भिंतीकडे तिरकं जायचं, गुडघे वाकवून. वेग संपून अंग क्षणभर हलकं होतं, तिथेच वळायचं आणि नजर लगेच समोरच्या भिंतीवर. भीतीने माणूस मागे रेलतो आणि तिथेच घसरतो. उडी मारून उतारावर उतरलं तर उतार धक्का वाटून घेतो. तेच आतल्या बाजूला जास्त गेलं, तर खाली सपाट, दगडासारखा टणक बर्फ. म्हणून आधी अर्धी भिंत, तीही लहान पाइपची, शंभरदा.

सारा बर्क ही कॅनडाची स्कीपटू. हा खेळ ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून ती झगडली. २०१४ ला सोचीत तो आला, तेव्हा ती नव्हती. जानेवारी २०१२ मध्ये युटातल्या पार्क सिटीत सराव करताना ती पडली आणि नऊ दिवसांनी गेली. वय २९. ती तर या खेळातली उस्ताद होती. आणि आमचे लोक तीन महिन्यांच्या पोराला विचारतात, उडी कुठंय! विचारणाऱ्यांपैकी एकानेही बर्फ फ्रीजबाहेर पाहिलेला नाही.

ग्रुपवर मी लिहिलं, 'वळण सुंदर घेतलंस.' कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आपाचा फोन आला. "हेल्मेट घालतो ना रे तो?"

"घालतो, आपा."

हेल्मेट साराच्याही डोक्यावर होतं, हे मी तिला सांगितलं नाही.