पोटातली नळी म्हणजे आईची हार नव्हे

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवणं किती अवघड असतं, हे त्या घरालाच माहीत. वाटीभर मऊ भाताला तास-तास लागतो, अर्धा बाहेर येतो, ठसका लागतो. वर कोणीतरी म्हणतंच, "आईला नीट भरवता येत नाही." हा आरोप साफ चुकीचा आहे.

गिळताना ओठ, जीभ आणि घशाचे स्नायू ठरावीक क्रमाने हलावे लागतात आणि त्याच क्षणी श्वासनलिका बंद व्हावी लागते. मेंदूला इजा झाली असेल तर हा ताळमेळ चुकतो आणि अन्न श्वासनलिकेत शिरतं. काही मुलांना अशा वेळी ठसकाही लागत नाही. म्हणून खाताना आवाज ओलसर होणं, छातीत घरघर, वारंवार न्यूमोनिया, वजन न वाढणं, रोजचं जेवण अर्ध्या तासापेक्षा जास्त लांबणं, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरांना सांगा.

मुलाला आडवं झोपवून, मान मागे टाकून किंवा नाक दाबून कधीही भरवू नका. पाठीला आणि मानेला आधार देऊन बसवा. घास लहान ठेवा. पहिला गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका. पातळ पाणी घशात वेगाने उतरतं, त्यामुळे अनेक मुलांना त्याचाच जास्त त्रास होतो. अन्न किती दाट हवं, हे गिळण्याच्या समस्या हाताळणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या. जिल्हा पातळीवरच्या शासकीय डीईआयसी केंद्रातही चौकशी करा.

एवढं करूनही काही मुलांना तोंडाने पुरेसं आणि सुरक्षित खाता येत नाही. अशा वेळी डॉक्टर पोटातून थेट जठरात नळी बसवायला सुचवतात. याला गॅस्ट्रोस्टॉमी म्हणतात. बहुतेक पालक हादरतात आणि निर्णय पुढे ढकलतात. त्या काळात मूल वाळत जातं. नळीलाही धोके आहेत: जंतुसंसर्ग, गळती, उलट्या. ते डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. पण "लोक काय म्हणतील" हे नकाराचं कारण असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गिळणं सुरक्षित असेल तेवढी चव नळीनंतरही तोंडाने देता येते, आणि गरज संपली तर नळी काढताही येते.

आणि नातेवाइकांनो, सल्ला देण्याऐवजी एका वेळचं भरवणं शिकून घ्या. त्या आईला एकदा तरी गरम जेवण मिळेल.